कासवाला शिकवलेली बोली

नात परवा विचारत होती, "आजी, तू खरंच एक भाषा तयार केली होतीस?" मी म्हटलं, केली होती. बोलणारे सगळे मिळून एका वर्गात मावतील एवढे आणि ऐकणारं एकच कासव. ती खूप हसली. मीही हसले. मग ती आपल्या कामाला गेली आणि मी त्या भाषेच्या आठवणीत शिरले.

भाषा करणारी ती बाई, म्हणजे मीच, तेव्हा पस्तिशीच्या आसपास होती. आदिलाबादच्या सरकारी शाळेत मराठी विभागाला गणित शिकवायची. अंबाड्यात बॉलपेन खोचून फिरायची. वही हातात नसली तरी पेन डोक्यात असायचंच, म्हणजे लांबूनच लोकांना कळावं की विदुषी येते आहे. शाळेत तेलुगू, उर्दू, मराठी असे विभाग, शिवाय इंग्रजीचा नवा, कोऱ्या गणवेशातला वर्ग. मधल्या सुट्टीत सगळ्या भाषा एकाच नळावर ओंजळ धरायच्या. एरवी ज्याचा त्याचा फळा वेगळा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी शाळेला सरकारकडून एक संगणक आला. हेडमास्तरांनी त्याच्या खोलीला पडदे लावले, आत सतरंजी घातली आणि दारावर पाटी लावली की चपला बाहेर काढाव्यात. आमच्याकडे चपला बाहेर म्हटलं की आत देव आहे हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. पोरं दारातूनच हात जोडायची.

तो चालवायला शिकण्यासाठी मला हैदराबादला पाठवलं. का, तर गणिताची बाई, आणि दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. तिथे लोगो नावाची भाषा शिकवली. पडद्यावर एक कासव असतं. त्याला इंग्रजीत सांगायचं, इतकं पुढे जा, इतकं वळ, आणि ते मागे रेघ ओढत जातं. ही लोगो लिस्प नावाच्या जुन्या भाषेच्या घराण्यातली. घराण्याची रीत अशी की शब्द ठेवायचे तेही यादीत आणि हुकूम द्यायचे तेही यादीतच. त्यामुळे तुम्ही बसून शब्दांची एखादी यादी जुळवलीत आणि 'रन' म्हणालात, की ती यादी उठून हुकूम म्हणून चालायला लागते. शिकवणारे सर जाता जाता म्हणाले, "चाहो तो इसी के अंदर अपनी ज़बान बना लो." बाकीचे शिक्षक चहाला उठले. मी उठले नाही. त्या दिवशी मी चहा प्यायला हवा होता.

परत आल्यावर पहिल्याच तासाला कळलं की आमच्या मराठीच्या पोरांना कासवाशी बोलताच येत नाही. बहुतेक पोरं वांकिडीच्या बाजूची, शेतकऱ्यांची. इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, पण 'फॉरवर्ड' म्हटलं की एकमेकांकडे बघायची. मग मी भाषा केली. 'पन्नास पुढं.' 'नव्वद वळ.' 'चार वेळा', आणि त्याच्यापुढे काय करायचं ते. लिहायचं इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले. पोरांनी आपली फाइल अशी लिहायची आणि तिची पहिली ओळ ठेवायची: 'आमची'. त्या एका शब्दावरून लोगोला कळायचं की पुढचं सगळं तिच्या भाषेत नाही. मग ती माझ्या दुभाष्याला बोलवायची. दुभाष्या म्हणजे मी लोगोतच लिहिलेला प्रोग्रॅम. तो फाइलमधली एकेक ओळ उचलायचा, शब्द सुटे करायचा, 'पुढं'च्या जागी 'फॉरवर्ड' घालायचा, मागचं पुढं करून लोगोला कळेल अशी यादी लावायचा आणि 'रन'च्या हाती द्यायचा. कासव चालायला लागायचं. पहिल्यांदा ते 'पन्नास पुढं'वर चाललं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी, काय सांगू, पदराने डोळे टिपले. एवढं तर लग्नात रडले नव्हते.

दुभाष्या मी माझ्या स्वतःच्या फ्लॉपीवर ठेवला होता. पोरांच्या फाइली शाळेच्या फ्लॉपीवर, हेडमास्तरांच्या कपाटात. माझी फ्लॉपी मात्र मी पर्समध्ये घालून घरी न्यायची. हेडमास्तर म्हणाले होते, "मेडम, इदरीच रखो ना, गुम जाएगी तो?" मी म्हटलं, सर, ती माझ्याजवळच सुरक्षित आहे. त्या काळी नवी फ्लॉपी मिळणं सोपं नव्हतं हे खरं. पण आपली भाषा कपाटात कोंडायची नाही हा माझा तोराही होताच.

वर्गात एक मुलगी होती, नववीतली. वांकिडीजवळच्या खेड्यातली, आदिलाबादला मामाकडे राहून शिकणारी. हातांवर कापसाच्या पऱ्हाटीचे जुने ओरखडे, बोलणं थोडं, आणि बोलली की थेट. बाकीची पोरं कासवाकडून घर, झाड, पतंग काढायची. तिने कापसाचं फुटलेलं बोंड काढायला घेतलं. चार पाकळ्या, प्रत्येक पाकळीला दोन कमानी, प्रत्येक कमान बारीक बारीक वळणांची. 'चार वेळा'च्या पोटात 'दोन वेळा' आणि त्याच्या पोटात आणखी एक 'वेळा'. तिची फाइल चालताना कासव कुठे चाललंय ते आधी कळायचंच नाही. मग एकदम बोंड उमलायचं.

दसऱ्याच्या आधी तिचा मामा शाळेत आला. कापसाच्या बाजारात काम करणारा, शांत माणूस. म्हणाला, "बाई, भाऊजीचा निरोप हाय. वेचनी आली, घरी हात कमी पडून राह्यले, पोरीले धाडा म्हनते. मी म्हनलं, थांबा. पोरगी मशीन शिकून राह्यली असन तर मी ठेवतो इथंच. नुसतीच बसून राह्यली असन तर मी तरी कोन्या तोंडानं ठेवू?"

मी म्हटलं, "शिकते आहे. चांगलं शिकते आहे. सुट्टीनंतर शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला येणार आहेत, तेव्हा तुम्ही स्वतःच या बघायला."

केवढ्या ऐटीत म्हटलं मी ते! पेनसुद्धा अंबाड्यात नीट खोचून घेतलं असणार.

मग दसऱ्याची सुट्टी लागली आणि खंडेनवमीला सासूबाईंनी हत्यारं मांडली. पाटावर त्यांची भाजी चिरायची पावशी, विळा, नवऱ्याचे पाने-हातोडे, माझं शिलाई मशीन. मला म्हणाल्या, "तुयं हत्यार कुठं हाय वं? तू कशावर खातं ते आन."

मला इतका आनंद झाला! सासूबाईंनी माझ्या विद्येला हत्यार म्हटलं! मी धावत जाऊन फ्लॉपी आणली. त्यांनी ती कागदी पाकिटातून बाहेर काढली. "अंगरख्यातल्या देवाची पूजा करते काय कोनी?" उलटीपालटी करून पाहिली. काळं चौकोनी अंग, मधे एक भोक आणि खाली एक लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी तबकडी दिसायची.

"हे त्याचं तोंड दिसते," सासूबाई म्हणाल्या आणि बोट भरून हळद आणि कुंकू बरोबर त्या खिडकीत लावलं. मधल्या भोकात सुपारी बसवली. वर पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या.

आणि हैदराबादहून शिकून आलेली विदुषी काय करत होती? हात जोडून डोळे मिटून उभी होती. वरून सासूबाईंना म्हणत होती, "आत्याबाई, थोडं फूलही वाहा." बोट लावू नका, हे हैदराबादला सांगितलं होतं. कुंकू लावू नका असं कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ती फडक्याने पुसून पाकिटात घातली. खिडकीतली हळद जरा चोळूनच काढली. ते चोळणंही तिला भोवलं असणार.

शाळा उघडली. संगणकाच्या खोलीत पोरं सतरंजीवर बसली आणि मी माझी फ्लॉपी घातली. यंत्र करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं आणि वाचता येत नाही असं म्हणालं. पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग शाळेची फ्लॉपी घातली. ती छान वाचली. पोरांच्या फाइली जशाच्या तशा, घर, पतंग, बोंड. बोंडाची फाइल चालवली तर पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं, ज्याचा अर्थ असा: 'आमची' कसं करायचं ते मला ठाऊक नाही.

पोरांना ते वाचता आलं नाही. मुलीने विचारलं, "काय म्हनते बाई?"

मी सांगितलं.

"असं कसं? सुट्टीच्या आधी तर येत होतं त्याले."

त्याला कधीच येत नव्हतं, येत होतं ते दुभाष्याला, हे मला तेव्हा तिला समजावताही येईना. फाइल होती, शब्द होते, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. पण ते वाचणारं जगात कुणी उरलं नव्हतं. त्या पोरांनी महिने न् महिने जे लिहिलं ते एका हळदीच्या बोटाने मुकं झालं होतं. आणि साहेब त्याच आठवड्यात येणार होते.

सासूबाईंना मी काही बोलले नाही. त्यांनी प्रेमाने केलं होतं. पण त्या संध्याकाळी मी इतक्या जोरात भाकरी थापल्या की त्यांनीच विचारलं, "काय झालं वं, कोनाले मारून राह्यली?"

दुभाष्या पुन्हा लिहायचा ठरवला. शाळा सुटल्यावर मी बसायची आणि ती मुलगी माझ्याजवळ बसायची. मामाच्या घरी जायची घाई नव्हती तिला. तिथे गेलं की गावच्या निरोपाचीच बोलणी चालायची. मला वाटलं होतं सगळं माझ्या डोक्यात आहे. डोक्यात काही नव्हतं, पेन होतं. साध्या ओळी जमल्या. 'पन्नास पुढं'वर कासव चालू लागलं. पण 'चार वेळा'च्या पोटातलं 'दोन वेळा' काही केल्या वाचता येईना. पहिल्या खेपेला मी ते कसं केलं होतं ते आठवेचना. नावं तरी काय दिली होती मी त्या तुकड्यांना! एकाक्षरी. कुणी चोरू नये म्हणून. चोरायला येणार कोण होतं, कोण जाणे. आता मलाच माझ्या घराची किल्ली सापडेना.

शेवटी जमलं ते असं, की पोटातली यादी निघाली की दुभाष्याने तिच्यासाठी पुन्हा स्वतःलाच बोलवायचं. एवढी साधी गोष्ट. तोवर माझं तोंड आंबट झालं होतं आणि मुलगी जांभया देत होती.

तपासण्यासाठी मी दुभाष्याला सांगितलं की यादी 'रन'ला देण्याआधी पडद्यावर दाखव. तिच्या फाइलची ओळ वर, तिची बनलेली लोगोची यादी खाली. असं एकेक उमटायला लागलं. ती बघत राहिली. वर 'पाच पुढं', खाली 'फॉरवर्ड पाच'. वर 'दहा वळ', खाली 'राइट दहा'. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, म्हनजे हे खालचं त्याले आधीपासूनच येते?"

"हो."

"मंग आपन मधात काऊन?"

मी म्हटलं, "कारण ही आपली भाषा आहे. आपल्या भाषेत विचार नीट होतो."

"हौ," ती म्हणाली. पण तिचे डोळे खालच्या ओळीवर होते. बोटाने हवेत ती अक्षरं गिरवत होती. मला ते आवडलं नाही. मी दाखवायचं बंद करून टाकलं.

तपासणीच्या दिवशी हेडमास्तर सकाळपासून घामाघूम. "मेडम, साब आरैं. आपके बच्चे कुछ दिखाते की नै?" मी म्हटलं दाखवतील. मामा आला होता, दाराबाहेर चपला काढून भिंतीला टेकून उभा. साहेब आत आले. उंच, थकलेले, बहुधा सकाळपासून कितीतरी शाळा बघून आलेले. मुलगी यंत्रासमोर बसली. तिने फाइल चालवली. कासव निघालं, भरकटल्यासारखं इकडे गेलं, तिकडे गेलं, आणि बोंड उमललं. चारही पाकळ्या.

साहेब खरोखर खूश झाले. वाकून पडद्याजवळ गेले. "ये किसने लिखा? तूने?" तिने मान डोलावली. त्यांनी फाइल उघडायला सांगितली, वाचली आणि माझ्याकडे वळले. त्यांना मराठी येत नव्हती, पण काय चाललंय ते त्यांनी चटकन ओळखलं. हुशार माणूस. मला वाटतं मी तोवर पाच मिनिटं भाषेतली भाषा या विषयावर बोलले असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाले,

"बहुत अच्छा है मेडम. लेकिन ये बच्ची कल उधर निर्मल शहर के स्कूल में गई, तो वहाँ का कंप्यूटर ये 'आमची' समझेगा?"

मी म्हटलं, "नहीं सर. पण फ्लॉपी दिली तर..."

"आपकी फ्लॉपी," ते म्हणाले, आणि हसले. वाईट हसले नाहीत. मराठी विभागाचा तास चालू ठेवा, असं हेडमास्तरांना सांगून ते पुढच्या खोलीत गेले. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास टाकला. तास राहिला होता, त्यांच्या दृष्टीने आम्ही पास झालो होतो.

पण मामा दारात होता आणि त्याला हिंदी चांगली येत होती. बाजारात व्यापाऱ्यांशी दिवसभर तीच बोलावी लागायची. त्याने चपला घातल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही.

शाळा सुटल्यावर मी तिच्या मामाच्या घरी गेले. वाटेवर भाषण तयार करत होते. मातृभाषा, मुलींचं शिक्षण, सगळं. अंगणात मामा बसला होता, मामीने मला खाटेवर बसवलं. ओसरीत मुलीचं दप्तर नव्हतं, कपड्यांची पिशवी होती, बांधलेली. ती सकाळच्या गाडीने जाणार होती.

मामाने माझं भाषण निम्म्यात थांबवलं. "बाई, तुमच्यावर राग नाई. पन सायेब काय म्हनले ते मी ऐकलं. हे तुमच्या खोलीत चालते, दुसऱ्या गावी चालत नाई. मंग भाऊजीले मी काय सांगू? पोरगी असं काही शिकून राह्यली जे एकाच घरात चालते? असं तर तिले सैपाकही येते."

मामी तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. आज येतं. तेव्हा माझे कान तापले होते.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मामा, त्याच्या खालचं एक अस्ते."

"खालचं म्हनजे?"

"आमी लिवतो ते वरचं. बाईचा दुभाष्या त्याचं खालचं करते. मशीनले खालचंच समजते. मी ते शिकीन."

"ते कुठं चालते?"

"सगळीकडं."

मामा माझ्याकडे वळला. "खरं हाय का बाई?"

मला आठवतं, अंगणातली कोंबडी माझ्या पायाशी आली आणि मी तिला हाकलायला लागले, उगीच, म्हणजे तेवढा वेळ मिळावा म्हणून. सगळीकडे हे काही खरं नव्हतं. पण माझ्या फ्लॉपीपेक्षा पुष्कळ ठिकाणी चालत होतं, आणि तिला थांबायला तेवढं पुरणार होतं. फक्त ते मी माझ्या तोंडाने म्हणायचं होतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "तिथे माझी भाषा लागत नाही."

"तुमी शिकवान?"

"शिकवीन."

मामाने मामीकडे पाहिलं. मामी उठली, पिशवी उचलून आत घेऊन गेली. चहा आला, गुळाचा. मामा कापसाच्या भावाबद्दल बोलू लागला आणि मी हूं हूं करत राहिले. माझी पोरगी वाचली होती आणि माझी भाषा मेली होती, आणि दोन्हींचा चहा एकच.

मुलगी मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं आभार मानेल. किंवा निदान म्हणेल की बाई, तुमची बोली चांगली होती. आता मला कळतं की एवढ्या अपेक्षेने चालणारी बाई मागून कशी दिसत असेल. ती डोकं खाली घालून चालत होती. मग म्हणाली,

"बाई, आपन खालचं म्हनतो, पन त्याच्याही खाली काही असन नं?"

"असतं," मी म्हटलं.

"ते कधी शिकवान?"

त्याच्या खाली काय होतं ते मला लिस्प या घराण्याच्या नावापलीकडे काहीच माहीत नव्हतं. मी पदर सावरला, अंबाड्यातलं पेन चाचपलं आणि पुढचं ज्यांना येत नाही ते सगळे मास्तर जे म्हणतात तेच म्हटलं.

"आधी हे तर शीक."